शेजारच्या आजोबांनी गॉर्डन हायलँडर्सचा किल्ट दिलाय, मुलाने घालावा का?

नीलांबरी_अ

मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, इथे कुणाला माहिती असेल की नाही कल्पना नाही पण विचारून बघते. आम्ही स्कॉटलंडला अबर्डीनमध्ये राहतो, नवरा तेलाच्या कंपनीत (इथली निम्मी मराठी मंडळी त्याच कारणाने इथे असतात). मुलगा पंधरा वर्षांचा आहे, बॅगपाइप शिकतो. आधी नुसत्या चँटरवर (सरावाची बासरीसारखी नळी) पीं पीं करून घर डोक्यावर घेतलं होतं, आता मात्र खरंच बरं वाजवतो, इथल्या एका पाइप बँडच्या ज्युनियर गटात आहे.

शेजारी एक आजोबा राहतात, नव्वदी पार केलेले. ब्रिटनमध्ये पूर्वी नॅशनल सर्व्हिस होती ना, सक्तीची लष्करी नोकरी, त्यात ते गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश रेजिमेंटमध्ये होते आणि १९५०च्या दशकात मलायात होते. फार बोलत नाहीत त्याबद्दल, पण पोरगं मागच्या अंगणात वाजवायला लागलं की खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसतात. तर झालं असं की त्यांनी त्यांचा त्या वेळचा किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा पोशाख) आणून दिला, गडद हिरवा निळा चौकडा आणि त्यात पिवळी रेघ, वर कागदात गुंडाळलेली टोपी बॅजसकट, आणि एका डबीत मेडल. नोव्हेंबरच्या रिमेंब्रन्स संडेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, हे घालून मुलाने वाजवावं अशी त्यांची इच्छा आहे. त्यांना मूलबाळ नाहीये.

मुलगा तर हवेत आहे, पण मला अवघडल्यासारखं होतंय. आपण ना स्कॉटिश ना सैन्यातले. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण म्हणाला की रेजिमेंटचा टार्टन, म्हणजे तिचा ठराविक चौकडा, कमवावा लागतो, दुसरा म्हणाला काहीही काय, दुकानात भाड्याने मिळतो लग्नात घालायला. नेटवर वाचलं तर प्रत्येकजण वेगळंच सांगतो आणि सगळे अगदी छातीठोक. आजोबांना नाही म्हणायचं म्हणजे तेही नको वाटतं आणि हो म्हणून चार म्हाताऱ्या सैनिकांना ते खटकलं तर तेही नको. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज.

कापूसकोंड्या

कापड आहे हो ते. ज्याचं होतं त्याने स्वतः दिलंय, अजून कुणाची परवानगी पाहिजे? घालू द्या.

स्नेअर_ड्रमर

मी एडिंबराजवळ एका पाइप बँडमध्ये ड्रम वाजवतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळे हा वाद इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय. कापूसकोंड्यांचं अर्धं बरोबर आहे. तुम्ही एका पिशवीतून तीन वेगळ्या गोष्टी घरी आणल्यात आणि तिन्हींचं उत्तर वेगळं आहे, लोक गल्लत करतात ती इथे.

पहिलं म्हणजे टार्टन. तो कुणीही घालू शकतो. ब्लॅक वॉच या जुन्या हायलँड रेजिमेंटचा टार्टन तर इतका सर्रास झालाय की शाळेच्या युनिफॉर्मपासून पायजम्यापर्यंत सगळीकडे दिसतो, ज्याला स्वतःचं कुळ नाही त्याने हा घालावा असं दुकानदारच सांगतात. गॉर्डनचंही तेच. हा टार्टन म्हणजे मुळात ब्लॅक वॉचचाच, ज्याला गव्हर्नमेंट टार्टन म्हणतात तो, आणि त्यात एक पिवळी रेघ वाढवलेली. १७९४मध्ये ड्यूक ऑफ गॉर्डनने रेजिमेंट उभी केली तेव्हा हंटली गावच्या फोर्साइथ नावाच्या विणकराने एक, दोन आणि तीन पिवळ्या रेघांचे नमुने पाठवले होते, त्यातला एका रेघेचा पसंत पडला. आता गंमत बघा, आज गॉर्डन आडनावाची माणसं कुळाचा टार्टन म्हणून जो अभिमानाने घालतात तो हाच. म्हणजे सैन्याने कुळाचा घेतलेला नाही, कुळाने सैन्याचा घेतला. मग लाखभर गॉर्डन लोक जे सैन्याच्या आसपासही फिरकले नाहीत ते घालतात तर तुमच्या मुलाने काय पाप केलंय. खरोखर मनाई असलेले टार्टन अगदी थोडे आहेत, बाल्मोरल हा एक, तो राजघराण्याचा, त्यांच्या परवानगीशिवाय घालत नाहीत.

दुसरं टोपीवरचा बॅज. इथे मात्र सांभाळा. गॉर्डनच्या बॅजवर हरणाचं डोकं आणि भोवती आयव्हीची वेल असते, खाली त्यांचं ब्रीद 'बायडँड'. ते रेजिमेंटचं चिन्ह आहे आणि चिन्ह म्हणजे 'मी यांच्यातला आहे' असं सांगणं. १९९४मध्ये क्वीन्स ओन हायलँडर्सबरोबर एकत्र करून 'द हायलँडर्स' ही नवी रेजिमेंट झाली, म्हणजे आता नवीन कुणीच तो बॅज कमवू शकत नाही, जे आहेत ते सगळे जुने. अशा लोकांना तो दुसऱ्याच्या डोक्यावर दिसला की लगेच लक्षात येतं. तसं ब्लॅक वॉचवाल्यांचा टोपीतला लाल पिसांचा तुरा, रेड हॅकल म्हणतात, त्याबद्दल तर ते फारच हळवे आहेत. टार्टन घाल म्हणतील, हॅकल लावलास तर तोंडावर सांगतील काढ म्हणून. कायद्याचंच म्हणाल तर १८९४चा युनिफॉर्म अ‍ॅक्ट आहे, परवानगीशिवाय लष्करी गणवेश घालायचा नाही, नाटकाबिटकाला सूट. पोराला कोणी पकडून नेणार नाही, पण संकेत त्याच दिशेचा आहे.

तिसरं मेडल, ते फौजी लोक जास्त चांगलं सांगतील.

आणि पंधरा वर्षांचा आहे म्हणून सांगतो, मोज्यात खोचतात तो छोटा सुरा, स्किआन डू, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून इथे कायद्यात चालतो पण तुम्ही नका देऊ. उगाच डोक्याला ताप.

माजी_फौजी

ताई, आपल्या मनात हा प्रश्न आला याचंच बरं वाटलं. मी आपल्या आर्मीतून रिटायर झालो, आमच्याकडेही पाइप बँड होता, त्यामुळे किल्ट अगदीच परका नाही.

मेडलचं सोपं आहे. ज्याने मिळवलं तो डाव्या छातीवर लावतो. वारलेल्या वडिलांचं, आजोबांचं मेडल घरातले लोक रिमेंब्रन्सच्या दिवशी उजव्या छातीवर लावतात, ब्रिटनमध्ये तसा रिवाज आहे. बघणाऱ्याला लांबूनच कळतं की हे याचं नाही, याच्या घरातल्याचं आहे. पण इथे ते गृहस्थ हयात आहेत आणि नातंही रक्ताचं नाही. माणूस जिवंत असताना त्याचं मेडल दुसऱ्याने लावणं मला तरी पटत नाही. मलायात होते म्हणजे ते जनरल सर्व्हिस मेडल असणार, वर 'मलाया' लिहिलेली पट्टी असेल बघा. ते त्यांनाच लावायला सांगा. त्या दिवशी त्यांना व्हीलचेअरवर का होईना पण सोबत घेऊन जा, मेडल त्यांच्या कोटावर, किल्ट मुलाच्या अंगावर. यात कुणाला काही खटकेल असं वाटत नाही. ब्रिटनमध्ये न मिळवलेली मेडलं मिरवणाऱ्यांविरुद्ध पूर्वी कायदा होता तो २००६च्या कायद्याने गेला, परत आणायचा एक प्रयत्न २०१६-१७मध्ये झाला तो संसदेत अर्धवटच राहिला, पण खोटी मेडलं लावणाऱ्याला तिथले माजी सैनिक गर्दीत सुद्धा अचूक हेरतात. पट्ट्यांचा क्रम चुकलेला असतो, वयाचा हिशोब लागत नसतो.

दुसऱ्याचा किल्ट घालण्याबद्दल एक आठवण करून देतो. ६ जून १९४४, नॉर्मंडीचा सोर्ड बीच. कमांडो ब्रिगेडचा प्रमुख लॉर्ड लोव्हॅट याचा पाइपर बिल मिलिन गोळीबारात किनाऱ्यावर वाजवत उतरला, अंगावर कॅमेरन टार्टनचा किल्ट. तो किल्ट त्याच्या वडिलांचा, त्यांनी पहिल्या महायुद्धात फ्लँडर्समध्ये घातलेला. तोपर्यंत लढाईत किल्ट घालणं ब्रिटिश सैन्याने बंद केलं होतं, त्यामुळे त्या किनाऱ्यावर किल्टवाला हा एकटाच. आता मिलिन स्वतः सैनिक होता हे मान्य, पण एका माणसाचा किल्ट दुसऱ्याने घालण्यात सैनिकांना वावगं वाटत नाही एवढंच सांगायचंय.

उलटतपासणी

सगळे फारच भारावून बोलताय म्हणून जरा दुसरी बाजू. हा गव्हर्नमेंट टार्टन, ज्यात पिवळी रेघ घालून तुमचा गॉर्डन झाला, तो आला कुठून ते बघा. १७१५चं जेकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूच्या लोकांचं) बंड मोडल्यानंतर हायलँडवर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागावर, नजर ठेवायला जनरल वेडने १७२५मध्ये तिथल्याच सरकारशी इमान राखणाऱ्या कुळांतून सहा कंपन्या उभ्या केल्या. काम काय तर शेजाऱ्यांची हत्यारं काढून घ्या, कोण काय करतंय ते कळवा, गुरं चोरणारे पकडा. सगळ्यांना एकसारखा गडद टार्टन. १७३९मध्ये त्यांचीच रेजिमेंट केली, तीच ब्लॅक वॉच. त्या पोरांना वाटलं होतं आपण घराजवळच राहणार, १७४३मध्ये लंडनला नेलं आणि वेस्ट इंडिजला पाठवणार अशी आवई उठली तेव्हा शंभरावर जणांनी घराचा रस्ता धरला. पकडून आणलं आणि तिघांना टॉवर ऑफ लंडनमध्ये गोळ्या घातल्या. आपल्याच राजाने.

मग १७४६ला कलोडनची लढाई, जेकोबाइट संपले आणि त्याच वर्षी ड्रेस अ‍ॅक्ट. पुरुषांनी आणि मुलांनी किल्ट, टार्टन काही घालायचं नाही, पहिल्यांदा पकडलं तर सहा महिने तुरुंग, परत पकडलं तर सात वर्षं समुद्रापार रवानगी. अपवाद फक्त एकच, राजाच्या सैन्यातले सैनिक. १७८२पर्यंत हे चाललं. म्हणजे पस्तीस वर्षं हायलँडच्या माणसाला आपल्या बापाचा पोशाख उजळ माथ्याने घालायचा असेल तर ज्या सैन्याने त्याचं गाव जाळलं त्यातच भरती व्हायचं. टार्टन टिकला तो बराचसा सैन्यामुळे हे खरं आहे, पण का टिकला तेही माहीत असू द्या. बॅनॉकबर्नच्या विल्सन कंपनीने सैन्यासाठी मापाने टार्टन विणले आणि पुढे तेच नमुने कुळांच्या नावाने विकले गेले. १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा तर सगळे हौसेने टार्टन घालून नाचले.

आणि मोबदला काय मिळाला? सदरलँडमधून १७९९मध्ये ९३वी रेजिमेंट उभी राहिली, पुढे त्यांच्याच घरच्यांना मेंढ्यांसाठी जमिनीवरून हाकललं. १८५४मध्ये क्रिमियन युद्धात बॅलक्लाव्हाला हीच ९३वी 'थिन रेड लाइन' म्हणून अमर झाली आणि त्याच वर्षी सदरलँडमध्ये भरतीला माणूस मिळेना, लोक म्हणाले आमच्या जागी मेंढ्या आणून ठेवल्यात ना, मग लढायलाही त्यांनाच पाठवा.

राहता राहिला आपला मराठी माणूस. १८०३ला असईला, हो तीच आपल्या जालना जिल्ह्यातली, वेलस्लीच्या बाजूने ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँड रेजिमेंट होत्या. समोर शिंदे आणि भोसले. त्या बहादुरीबद्दल दोन्हींना निशाणावर हत्ती आणि 'असई' लिहायचा मान मिळाला. एडिंबरा किल्ल्यासमोरच्या मैदानात ७८वीचा दगडी क्रॉस उभा आहे, १८५७-५८मध्ये हिंदुस्थानात मेलेल्यांच्या स्मरणार्थ, आणि त्याच्यावर हत्ती कोरलाय. आपले पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी काढतात. मला कुणाचा अपमान करायचा नाहीये, पण 'सेवा केलेल्यांचा आदर' म्हणताना ती सेवा कुणाची आणि कुणाविरुद्ध हे विचारायचं नाही का?

माजी_फौजी

विचारायचं की, कोण नाही म्हणतंय. पण तुम्ही ज्यांना विचारताय ते बघा. अठरा वर्षांच्या पोराला सरकारने चिठ्ठी पाठवली आणि तो मलायाच्या जंगलात गेला, लढाई त्याने निवडली नव्हती. तुमच्या सदरलँडच्या माणसांनी तरी निवडली होती का? हिशोब मागायचा तर पाठवणाऱ्यांकडे मागा.

आणि असईबद्दल म्हणाल तर ७४वीचे बहुतेक सगळे अधिकारी त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले, शिंद्यांच्या तोफखान्याने काय कत्तल केली ते त्यांच्याच लोकांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या हत्तीत आपल्या गोलंदाजांचीही दखल आहे असं मी समजतो. तुम्हाला पटेलच असं नाही.

आदराचं बोलायचं तर याच गॉर्डनचा एक किस्सा सांगतो, तो पदकं आणि टार्टनपेक्षा महत्त्वाचा वाटतो मला. १८९७, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरची तिराहची मोहीम, दरगाईचा डोंगर. पाइपर जॉर्ज फाइंडलेटर, अबर्डीनशायरचाच पोरगा, चढताना दोन्ही पायांना गोळ्या लागल्या तर खाली बसून वाजवतच राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, राणीने स्वतः हॉस्पिटलमध्ये येऊन दिला, देशभर फोटो, चित्रं. आणि मग? पाय अधू झालेले, पेन्शन तुटपुंजी, व्हीसीबरोबर वर्षाला १० पौंड. गडी लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये पैसे घेऊन वाजवायला लागला. त्याबरोबर सैन्यातल्या बड्यांना लाज वाटायला लागली, की व्हीसीवाला माणूस तमासगिरांच्या रांगेत कसा उभा राहतो. संसदेत गाजलं प्रकरण. शेवटी गरजू व्हीसीवाल्यांना ५० पौंडापर्यंत द्यायची सोय झाली. म्हणजे त्याच्या पोशाखाचा मान सगळ्यांना राखायचा होता, त्याच्या चुलीचं कुणी विचारलं नव्हतं. पहिलं महायुद्ध आलं तर हाच माणूस परत गॉर्डनमध्ये दाखल झाला.

कापूसकोंड्या

हे माहीत नव्हतं. फाइंडलेटरचं वाचायला पाहिजे.

पश्चिमघाट_ते_प्रेअरी

मी कॅनडातून लिहितोय. तुमच्याकडे हे सगळं कुळ, राजा, बंड यात अडकलंय, इकडे मिलिटरी टार्टन म्हणजे चक्क नव्याने बनवलेली गोष्ट आहे. रॉयल कॅनेडियन एअर फोर्सचा टार्टन आहे, आकाशी, गडद निळा आणि मरून, १९४२मध्ये प्रिन्स एडवर्ड आयलंडवरच्या समरसाइडच्या तळावर तिथल्या प्रमुखाने, ग्रुप कॅप्टन एल्मर फुलर्टनने, तळाच्या पाइप बँडसाठी डिझाइन केला आणि एअर फोर्सने त्याच वर्षी मान्य करून टाकला. त्याला दोनशे वर्षांचा इतिहास नव्हता पण आज इथल्या माजी हवाई सैनिकांच्या अंत्ययात्रेला पाइपरच्या अंगावर तो दिसला की लोक टोप्या काढतात.

अमेरिकन नौदलाचा एक पोलॅरिस नावाचा टार्टन आहे, तो १९६४चा, स्कॉटलंडमध्ये होली लॉकला त्यांचा पाणबुड्यांचा तळ होता त्या लोकांसाठी. अणुबॉम्बवाल्या पाणबुडीच्या क्षेपणास्त्राचं नाव आणि लोकरीचा चौकडा, काय कॉम्बिनेशन आहे.

पण यातला घोळ असा की उत्तर अमेरिकेतल्या हायलँड गेम्समध्ये प्रत्येक सैन्यदलाच्या नावाचे टार्टन विकायला असतात आणि विकणारा सगळे ऑफिशियल आहेत असंच सांगतो. स्कॉटलंडचं सरकारी टार्टन रजिस्टर आहे, २००९पासून, फी भरून आणि नमुना वेगळा आहे हे दाखवून कुणीही नोंद करू शकतो. नोंद झाली म्हणजे त्या सैन्यदलाने मान्यता दिली असं होत नाही आणि घालायला कायदेशीर हक्क मिळतो किंवा जातो असंही नाही, एवढं लक्षात ठेवलं की फसत नाही. माझा तरी अंदाज असा आहे की माजी सैनिक स्वतः हे नवे टार्टन हौसेने विकत घेतात, कारण ज्याच्या पणजोबांचं कुळ नव्हतं त्यालाही काहीतरी आपलं म्हणून मिळतं. मेक्सिकन आडनावाचा मरीन किल्ट घालून उभा असतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही तू स्कॉटिश कुठे.

स्नेअर_ड्रमर

उलटतपासणी, इतिहास बरोबरच आहे तुमचा पण एक राहिलं. कुळांच्या भानगडी टाळायला टार्टनच नको म्हणणारी पण रेजिमेंट होती. लंडन स्कॉटिश, १८५९ची. त्यांच्या लॉर्ड एल्चोने सरळ हॉडन ग्रे नावाचं साधं मातकट करडं कापड घेतलं, सगळ्या कुळांचे लोक एकाच रंगात, आणि त्याचा दुसरा मुद्दा असा की शिकारी जसा रानात न दिसणारा रंग घालतो तसा सैनिकानेही घालावा. ब्रिटिश सैन्यात खाकी सर्रास होण्याच्या कितीतरी आधी. टोरोंटो स्कॉटिश पण तेच घालतात. दिसायला अगदीच साधं, पण ज्याला माहीत आहे तो लांबूनच ओळखतो.

बाकी लढाईत किल्ट किती गैरसोयीचा होता हे पहिल्या महायुद्धातल्या खंदकात कळलं लोकांना. चिखल सुकला की चुण्यांच्या कडा ब्लेडसारख्या मांडीला कापायच्या, उवा चुण्यांमध्ये घर करायच्या, मस्टर्ड गॅस आला तेव्हा तर उघडे पाय म्हणजे शिक्षाच. रंग लपवायला वरून खाकी एप्रन बांधायचे. तरी काढायचा म्हटलं की भांडायचे. कॅमेरन हायलँडर्स रेजिमेंटवाल्यांनी १९४०मध्ये फ्रान्सला हुकूम आल्यावरही शक्य तितके दिवस ठेवला अंगावर.

आज स्कॉट्स गार्ड्स सोडले तर सगळ्या स्कॉटिश पायदळाची मिळून एकच रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड आहे, २००६पासून, आणि सगळ्यांना एकच गव्हर्नमेंट टार्टन. गॉर्डनची पिवळी रेघ चालू सैन्यातल्या पायदळाच्या किल्टवर आता नाही. म्हणून मला उलट वाटतं की आजोबांसारख्यांना ती रेघ कुणाच्या तरी अंगावर चालताना बघायची असणार. दुकानात टांगलेली वेगळी आणि वाजवणाऱ्या पोराच्या अंगावरची वेगळी.

नीलांबरी_अ

बापरे, इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, उलटतपासणी तुमचेही, खरंच. मुलाला वाचायला दिलं, तो असईवर अडकलाय, म्हणतो आजोबांना विचारू का त्यांना हे माहीत आहे का. मी म्हटलं विचार पण नीट विचार.

आजोबांशी काल बोलले. बॅज लावायचा नाही हे त्यांना लगेच पटलं, उलट म्हणाले टोपी मीच घालणार आहे, मी तुला ती फक्त दाखवायला दिली होती! मेडलचं पण तसंच, ते स्वतः लावून येणार आहेत. म्हणजे मी उगाच रात्र रात्र विचार करत होते.

आता दोन व्यावहारिक प्रश्न. एक, किल्ट कमरेला बराच मोठा आहे आणि मागे एका ठिकाणी कसरीने खाल्लंय, शिवायला कुणाकडे द्यावा आणि काय सांगावं? दोन, बँडच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले बँडबरोबर वाजवायचं तर बँडचाच किल्ट घालावा लागेल. मुलगा हिरमुसलाय.

स्नेअर_ड्रमर

सर बरोबर बोलतायत. बँडमध्ये सगळे एकाच टार्टनमध्ये, तिथे स्वतःचा, आजोबांचा, कुणाचाच चालत नाही, तो तर बँडचा गणवेश झाला. रिमेंब्रन्स संडेला बँड चालतो तेव्हा त्याने बँडचाच घालावा. पण बऱ्याच गावांत स्मारकापाशी दोन मिनिटांच्या शांततेच्या आधी किंवा नंतर एकटा पाइपर वाजवतो, तुमच्या भागातल्या छोट्या स्मारकावर कुणी आहे का ते तिथल्या लीजनच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेच्या, शाखेत विचारा. कधीकधी पाइपर मिळत नाही म्हणून ते शोधतच असतात. आजोबांना सोबत घेऊन जा विचारायला, किल्ट कुणाचा आहे हे आधीच सांगितलं की नंतर कुणी भुवया उंचावत नाही.

तिथे वाजवायचं झालं तर बहुधा 'फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट' वाजवायला सांगतील. ही धून पाइपर लोक फक्त अंत्यविधीला आणि स्मरणाच्या वेळी वाजवतात, एरवी चारचौघांत नाही. सराव घरात करायला हरकत नाही पण अंगणात, बागेत मजा म्हणून वाजवायची नाही हे त्याला आत्ताच सांगून ठेवा. टार्टनवरून कुणी बोलणार नाही एखादवेळेस, पण हे केलं तर नक्की बोलतील.

किल्टचं असं करा. साध्या टेलरकडे देऊ नका, किल्ट शिवणाऱ्याकडेच द्या, अबर्डीनला मिळतील. खालची कड दुमडून लांबी कमी करायला सांगू नका, किल्टला खाली शिवण नसते, कापडाची मूळ विणलेली कडाच खाली असते. लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत हवी, जास्त असेल तर वरून थोडा उंच बांधता येतो. कमरेला पट्टे आणि बकल सरकवून इंच दोन इंच मिळतात, त्याहून जास्त मोठा असेल तर चुण्या उसवून परत घालाव्या लागतात, तेव्हा एक गोष्ट बजावून सांगा, चुण्या रेघेवरच घाला म्हणून. सिव्हिलियन किल्टमध्ये मागून बघितलं तर पूर्ण चौकडा परत जुळलेला दिसतो. सैन्याच्या किल्टमध्ये प्रत्येक चुणीवर एकच रेघ येते, गॉर्डनमध्ये पाठीमागे नुसत्या पिवळ्या उभ्या रेघांची रांग दिसते. उसवून सिव्हिलियन पद्धतीने शिवला तर टार्टन तोच राहील पण किल्ट रेजिमेंटचा राहणार नाही, आणि आजोबांच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येईल.

कसरीचं भोक चुणीच्या आतल्या बाजूला असेल तर तसंच राहू दे म्हणतील. बाहेर असेल तर त्याच किल्टच्या आतल्या चुणीतून धागे काढून रफू करतात, नवा लोकरीचा धागा रंगाला जुळत नाही. आणि शिवायला द्यायच्या आधी किल्ट निदान दोन आठवडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर कसर तिकडच्या दुकानात नेऊन सोडाल. आतल्या अस्तरावर शिक्का असेल बघा, साल, माप आणि सरकारी बाणाची खूण. अस्तर बदलायचंच झालं तर तो तुकडा कापून परत आत टाचून घ्या.